बाटल्यांची रांग

सत्तेचाळीस नंबर तिसऱ्यांदा पुकारला गेला, कोणी उठलं नाही, आणि भिंतीवरच्या पाटीतला लाल आकडा विझला. त्याच्या जागी अठ्ठेचाळीस आला. एक आजोबा गुडघ्यावर हात टेकून उठले आणि डॉक्टरांच्या खोलीत गेले. बस, एवढंच झालं. यात वावगं काहीच नव्हतं. उलट हे असंच व्हावं, धक्काबुक्की नको, 'मी आधी आले होते' नको, ओळखीच्या माणसाला मागच्या दारानं आत घेणं नको, म्हणून आमच्या कंपनीतल्या चौघांनी हे नंबर पुकारणारं यंत्र बनवताना कितीतरी महिने डोकं फोडून घेतलं होतं, आणि त्या चौघांतली एक मी. पुकारणारा तो मंजुळ आवाजसुद्धा मीच निवडलेला. आमच्या ऑफिसातल्या रिसेप्शनिस्टचा. तिचा 'ळ' स्वच्छ होता म्हणून. असं असताना मी एकदम का दचकले? कारण पाटीवरचा आकडा विझला तेव्हा मी सहज खिडकीकडे पाहिलं. औषधाच्या खिडकीखालच्या दगडी कट्ट्यावर पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. सकाळपासून होत्या. मी त्या पाहिल्याही होत्या आणि म्हटलं होतं, लोक आपलं प्यायचं पाणी जिथे तिथे ठेवतात, दुसरं काय. आता त्यांतली शेवटाकडची, निळ्या बुचाची, मला नीट दिसली. तिच्या बुडाखाली आमच्या मशीनची पांढरी चिठ्ठी दाबून ठेवलेली होती. वाकून पाहिलं. सत्तेचाळीस. अगं बाई, म्हटलं, ही तर रांग आहे.

कसब्यातला हा छोटा सरकारी दवाखाना बंद करायचा की ठेवायचा, हे त्या दिवशी दुपारच्या मीटिंगमध्ये ठरायचं होतं. ठरायचं कसलं, ठरल्यातच जमा होतं. आमचं यंत्र तीन दवाखान्यांत प्रयोग म्हणून बसवलं होतं, आणि इथले आकडे सगळ्यांत वाईट होते. नंबर घेणारे भरपूर, पण पुकारल्यावर हजर राहणारे जेमतेम निम्मे. बाकीच्यांपुढे यंत्र आपोआप 'अनुपस्थित' लिहायचं. आरोग्य खात्याचे डॉक्टर शरच्चंद्र, ज्यांच्यापुढे मला दुपारी ते आकडे मांडायचे होते, ते काही दुष्ट माणूस नव्हेत. मागच्या वेळी त्यांनी मला सरळ सांगितलं होतं, "मॅडम, माझ्याकडे तीन दवाखान्यांना मिळून एक डॉक्टर आहे. जाहिरात दिली तर अर्ज येत नाहीत. आले तर खासगीत दुप्पट मिळालं की जातात. औषधं येतात ती मुदत संपायला आल्यावर. मग लोकांनाच गरज नाही तो दवाखाना मी कशाला पोसू? नदीपलीकडे एक मोठं केंद्र करतो, तिथे रक्त तपासायची सोय करतो, एक्स-रे करतो. चुकतंय का माझं?" चुकत नव्हतं. मीही मान डोलावली होती. लोकांनाच गरज नाही, हे त्यांना आमच्या यंत्रानं सांगितलं होतं.

आता त्या बाकावर, मांडीवर लॅपटॉप घेऊन, मी त्या बाटल्यांकडे बघत राहिले आणि मला औषधाचा वास यायला लागला. खरा नाही, पूर्वीचा. मी याच दवाखान्याच्या मागच्या गल्लीत, कुंभारवाड्याच्या अंगाला वाढले. तेव्हा इथे गोळ्या कमी आणि पातळ औषध जास्त मिळायचं. मच्छिंद्र कंपाउंडर मोठ्या बरणीतून ते गुलाबी औषध ओतायचे आणि बाटलीवर खाचा पाडलेली कागदी पट्टी खळीनं चिकटवायचे, एक खाच म्हणजे एक डोस. बाटली ज्याची त्यानं आणायची. आणि आणलेली बाटली या कट्ट्यावर ठेवली की तिचा नंबर लागला. माणसानं उभं राहायची गरज नाही. माझी आई, सुंदराबाई, शाळेत शिपाई होती. सकाळची शाळा तिनं उघडल्याशिवाय उघडायची नाही. ती उजाडताना बाटली ठेवायची, शाळेचं कुलूप काढायची, वर्ग झाडायची, घंटा द्यायची, आणि मधल्या सुट्टीत धावत यायची. तोवर तिची बाटली पुढे पुढे सरकत आलेली असायची, कोणीही सरकवायचं. बाटली ओलांडून कोणी पुढे गेल्याचं मला आठवत नाही. माणसं ओलांडायचे, हो! माणसांना इथे काय किंमत होती म्हणा. पण बाटलीला मान होता. तांबट आळीतल्या हातोड्यांचा ठोका दिवसभर चालू असायचा, आणि त्या ठोक्यात कट्ट्यावरच्या काचेच्या बाटल्या एकमेकींना लागून बारीक किणकिणायच्या. मला ते फार आवडायचं. आईला वाटायचं मी दवाखान्याला घाबरत नाही म्हणून शूर आहे. मी कसली शूर, मी ती किणकिण ऐकायला जायचे.

पातळ औषध केव्हाच बंद झालं. काच गेली, प्लास्टिक आलं, मच्छिंद्र कंपाउंडर निवृत्त होऊन गावी गेले. आता बाटलीत भरायला काही नाही, तरी बायका बाटली ठेवतातच. मशीनचं बटण दाबतात, चिठ्ठी घेतात, बाटलीखाली दाबतात आणि कामाला जातात. त्यांनी आमच्या यंत्राला नाही म्हटलं नाही. बिचाऱ्यांनी आपल्या रांगेत त्यालाही जागा दिली. आणि आमचं यंत्र मंजुळ आवाजात तीनदा हाक मारून त्यांना पुसून टाकत होतं. मी, सुंदराबाईची मुलगी, तीन महिने हे आकडे बघून स्लाइडवर लाल रंगात रंगवत होते. हसावं की रडावं कळेना.

"ती गोदाबाईंची," खिडकीतून अपूर्वा म्हणाली. अपूर्वा ही इथली नर्स, नवीनच लागलेली, चुणचुणीत पोरगी. "पोळ्या लाटायला जातात त्या मेसमध्ये. तिकडून येतात. आज शुगरला रक्त द्यायचं होतं त्यांना, उपाशीपोटी."

"मग नंबर गेला की त्यांचा."

"गेला तर गेला, मॅडम. सिस्टीमनंच कॅन्सल केलाय ना." ती टोमणा मारत होती की माहिती देत होती, पुण्यात हे सांगणं कठीण.

"आणि आधी? मशीन नव्हतं तेव्हा एखादी बाटली राहिली तर?"

"मी इथे आले तेव्हा जुन्या सिस्टरांनी सांगितलं होतं, राहिलेल्या बाटलीच्या घरी जाऊन यायचं. पहिले काही दिवस मी गेलेसुद्धा. आता रिपोर्टमध्ये 'अनुपस्थित' येतं. रिपोर्टमध्ये आलं म्हणजे झालं ना काम? वर कोणी विचारत नाही."

मी लॅपटॉप मिटला. निळ्या बुचाची बाटली उचलली आणि विचारलं, राहतात कुठे गोदाबाई? अपूर्वानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मॅडमचं डोकं फिरलंय. पण पत्ता सांगितला.

गल्लीत शिरल्याबरोबर मोबाइल वाजला. सलिल, माझा बॉस. "निघालीस ना? लिसन, अनुपस्थितवाली स्लाइड फर्स्ट घे. साहेबांना तेवढीच हवीय. हा क्लोजर रिपोर्ट क्लीन गेला तर उरलेले सगळे दवाखाने आपल्याला मिळतायत." म्हटलं, आकड्यात गडबड आहे. तो म्हणाला, "गडबड? डेटा आहे तो, यार." मी म्हटलं, येते, आणि फोन बंद केला. हातातली बाटली अर्धी भरलेली होती, चालताना पाणी डुचमळत होतं. एका हातात लॅपटॉपची पिशवी, दुसऱ्या हातात परक्या बाईची बाटली. आणि मला एकाएकी कळलं की असं बाटली घेऊन या गल्लीतून चालताना मी कोणाला तरी पाहिलेलं आहे. मी थांबले. एका कासाराच्या दुकानापुढे अशी मधोमध थांबले की मागून येणारा सायकलवाला म्हणाला, "ताई, फोटो काढायचाय का?"

सत्यशीला सिस्टर. तेव्हाच्या इथल्या दवाखान्यातल्या नर्स. पांढरी साडी, दंडाला घामाचा ओला डाग, हातात आमची बाटली. अनिरुद्ध, माझा धाकटा भाऊ, जन्मून आठवडा झाला असेल-नसेल. आईला कणकण होती. तरी ती पहाटे जाऊन बाटली ठेवून आली आणि मला म्हणाली, जरा पडते, बाळ रडलं तर उठव. बाबा खडकीला कारखान्यात, पहिल्या पाळीला. मी बसले. बाळ रडलं, मी आईला हलवलं, ती काहीतरी भलतंच बोलली, शाळेची घंटा दे म्हणाली, आणि परत डोळे मिटले. तिचा हात तव्यासारखा तापला होता. मला वाटलं, दमलीय, झोपू दे. मला कोणी शिकवलं होतं की झोपलेल्या माणसाला उठवू नये. मी बाळाच्या तोंडात आईच्या पदराचं टोक दिलं आणि माश्या वारत बसले. किती वेळ, कोण जाणे. दारातला उजेड एकदम अडला म्हणून वर पाहिलं तर सिस्टर. "सुंदराबाईची बाटली कधीची एकटी उभी आहे," त्या म्हणाल्या, "म्हटलं, बाई कुठे गेली?" पुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. त्यांनी आईचा डोळा उघडून पाहिला. मग गल्लीत जाऊन त्या ओरडल्या, साध्या नाही, सगळे तांबट हातोडे खाली ठेवून बाहेर आले अशा. रिक्षा आली. शेजारचे जे लोक आमच्या माठातलं पाणी कधी प्यायचे नाहीत, त्यांतल्याच एकानं आईला उचललं. मला सिस्टर म्हणाल्या, "तू शहाणी आहेस, बाळाला धर," आणि रिक्षात बसताना ती औषधाची बाटलीही त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली, "हरवू नकोस, परत लागेल." मोठ्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबला असता तर काही खरं नव्हतं. आई वाचली. अनिरुद्ध वाचला, आता हिंजवडीत मोठा मॅनेजर आहे, मोठ्या गाडीतून फिरतो आणि रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल इंग्रजीत पत्रं लिहितो. हे सगळं एका बाईला बाटली एकटी दिसली म्हणून. कोणी तिला सांगितलं नव्हतं, कुठे तसा नियम लिहिलेला नव्हता. सत्यशीला सिस्टर गेल्या त्याला बरीच वर्षं झाली. आई दर बुद्धपौर्णिमेला खीर केली की पहिली वाटी त्यांच्या नावानं बाजूला ठेवते. मला ते लहानपणापासून इतकं सवयीचं झालं होतं की त्या वाटीकडे माझं लक्षच जात नसे. आता त्या गल्लीत उभ्या उभ्या मला त्या खिरीतली वेलची आठवली आणि मी भरभर चालायला लागले.

गोदाबाईंचं दार नुसतं लोटलेलं होतं. हाक मारली, ओ नाही. आत गेले. त्या मोरीपाशी भिंतीला टेकून बसल्या होत्या, पीठ लागलेले हात मांडीवर, आणि थंडीचे दिवस असून कपाळावरून घाम ओघळत होता. "गोदाबाई," म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "कणीक मळायचीय अजून." तो आवाज मी ओळखला. घंटा दे म्हणणारा आवाज. या खेपेला मी माश्या वारत बसले नाही. अपूर्वाला फोन लावला. ती पहिल्या वाक्यालाच ओरडली, "शुद्धीत आहेत? गिळता येतंय? साखर द्या, साखर! मी आलेच." डबे उघडत सुटले; मधुमेहाच्या बाईच्या घरात साखर कुठली! शेवटी फळीवर गुळाचा खडा सापडला. त्यांच्याच बाटलीतल्या पाण्यात तो कालवला आणि घोट घोट पाजला. मांडीवर त्यांचं डोकं, हातात निळ्या बुचाची बाटली. अपूर्वा धापा टाकत पोचली तोवर बाईंची नजर जागेवर येत होती.

झालं होतं असं की डॉक्टरांनी सांगितलं, उपाशीपोटी या. गोदाबाई उपाशी राहिल्या. पण साखर उतरवायची गोळी रोजची, ती चुकवायची नाही असंही डॉक्टरांनीच सांगितलेलं, म्हणून ती घेतली. मग बाटली ठेवून मेसच्या पोळ्या लाटायला गेल्या. आणि नंबर लागायच्या बेतानं निघाल्या, तर साखर फार उतरून चक्कर आली म्हणून घरी टेकल्या. दोन्ही सूचना तंतोतंत पाळल्या होत्या बाईंनी. असं ऐकणारा पेशंट मिळायला भाग्य लागतं. अपूर्वानं बोटातून थेंब घेऊन साखर पाहिली आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मग हळूच म्हणाली, "आणखी थोडा उशीर झाला असता ना, मॅडम..." 

"नंबर गेला का माझा?" गोदाबाईंनी विचारलं.

"गेला," मी म्हटलं.

"जाणारच. ती बया थांबतेय कुठे कोणासाठी." ती बया म्हणजे आमचा मंजुळ आवाज. मग त्यांनी मला नीट न्याहाळलं. "तू कोणाची गं? इथली वाटतेस."

"सुंदराबाईंची. शाळेत होत्या."

"घंटावाल्या सुंदराबाई? मग बरोबर," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले. काय बरोबर ते सांगितलं नाही.

मीटिंगला मी उशिरा पोचले, साडीवर गुळाचे डाग घेऊन. सलिलनं डोळ्यांनी मला खाल्लं. त्यानं पहिली स्लाइड लावूनच ठेवली होती, लाल रंगातली. मी काही फार छान बोलले नाही. बोलायच्या आधी पिशवीतून बाटली काढून डॉक्टर शरच्चंद्रांच्या पुढ्यात ठेवली, आणि मग सांगत गेले: कट्टा, रांग, पोळ्या, शाळेची घंटा, सत्तेचाळीस नंबर. मध्येच माझा आवाज फुटला, त्याची मला लाज वाटली नाही. "हे लोक अनुपस्थित नाहीत, सर. ते कामावर आहेत, आणि त्यांनी आपली जागा धरून ठेवलीय. आम्ही बाटली मोजलीच नाही. आणि जी खरंच आली नाही, तिला आम्ही पुसून टाकतो. तिच्याकडेच तर आधी जायला हवं. मी आज जिवंत आईच्या घरी जेवते ती अशा जाण्यामुळे."

 सलिल स्लाइडकडे बघत होता. शरच्चंद्र साहेबांनी चष्मा काढला, बाटली उचलून फिरवून पाहिली. "मॅडम," ते म्हणाले, "स्वतःच्या मालाची तक्रार स्वतःच घेऊन आलेला माणूस मी या शहरात पहिल्यांदा पाहतोय. आपली तब्येत ठीक आहे ना?" मग चष्मा परत लावला. "दवाखाना चालू ठेवला तर डॉक्टर आकाशातून पडणार नाही. औषधं वेळेवर येणार नाहीत. ते माझं दुखणं आहे, ते मी भोगतो. पण रुग्ण नाहीत असं मी आता लिहू शकत नाही. बंद करायचा विषय काढून टाका. आणि तो 'अनुपस्थित' शब्द बदला. 'घरी जाऊन पाहणे' असं येऊ दे, रोज दुपारी, सगळ्यांत वर. जाईल कोण, ते बघतो. एका पोरीच्या अंगावर टाकून चालायचं नाही." सलिल म्हणाला, यंत्रात एवढा बदल म्हणजे बाकीचे दवाखाने पुढच्या वर्षावर गेले. "जाऊ द्या," साहेब म्हणाले, "पुढचं वर्ष येतंच असतं." बाहेर आल्यावर सलिल माझ्याशी बोलला नाही. नंतर बरेच दिवस जेवढ्यास तेवढं बोलत होता. ठीक आहे.

वारज्याच्या घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. ती टीव्हीचा आवाज कमी करून ऐकत होती. सत्यशीला सिस्टरांचं नाव आलं तेव्हा तिनं पदर डोळ्यांना लावला. मी म्हटलं, आई, दवाखाना राहिला. ती म्हणाली, "बाटली?"

"कुठली बाटली?"

"गोदाबाईची. परत दिलीस का नाही?"

मी साहेबांच्या टेबलावर विसरून आले होते.

"शाबास!" आई म्हणाली. "उद्या ती रांगेत काय ठेवील, तुझं डोकं? मला रिक्षात घालतानाच्या धांदलीतही सिस्टरांनी माझी बाटली तुझ्या मांडीवर परत दिली होती." मग टीव्हीचा आवाज वाढवला. माझं शिक्षण, माझं ऑफिस, माझी मीटिंग, सगळं तिनं त्या एका प्रश्नात जागेवर आणून ठेवलं, आणि खरं सांगते, मला इतकं बरं वाटलं.

सकाळी लवकर निघाले, आमच्या स्वयंपाकघरातली एक बाटली घेऊन, म्हटलं निदान ही तरी द्यावी. दवाखाना उघडायचा होता. कट्ट्यावर रांग लागली होती, आणि सगळ्यांत पुढे, पहिल्या नंबराला, निळ्या बुचाची बाटली उभी होती. झाडणारी बाई म्हणाली, मघाशी एक चष्मेवाले साहेब गाडीतून उतरले, स्वतःच्या हातानं ठेवली, बाकी बाटल्या मागे सरकवल्या नि गेले. मला हसू फुटलं, आणि त्या हसण्यात पाणी कधी आलं तेही कळलं नाही. एवढा मोठा अधिकारी, पण रांगेतलं त्याला काही कळत नव्हतं.

तेवढ्यात गोदाबाई आल्या, हळूहळू, कपाळावर मोठं कुंकू. बाटली बघून त्यांच्या भुवया चढल्या. "ही इथे कोणी ठेवली? पहिला नंबर कशाला हवाय मला? पोळ्या व्हायच्यात माझ्या." त्यांनी बाटली उचलली, रांगेवरून नजर फिरवली, मनाशी हिशेब केला, आणि तिसऱ्या की चौथ्या बाटलीच्या मागे, त्यांना हवी तिथे नेऊन ठेवली. मागच्या बाटल्या कोणीतरी जरा सरकवल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आज खाऊन आलेय हो. लक्ष ठेव."

आणि त्या पोळ्या लाटायला गेल्या. मी बाकावर बसले आणि बाटल्यांवर लक्ष ठेवलं.